सायरस : उसने विरजण आणि घरचे दही



आपल्यापैकी पुष्कळजण मुंबईहून नावेने घारापुरीची लेणी पाहावयास गेले असतील. नाव बंदर सोडून पुढे गेली, की तुर्भ्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे ज्याला आपण बोलताना ट्रॉम्बे म्हणतो तेथे, एक मोठा घुमट दिसू लागतो. त्या घुमटाखाली ‘सायरस’ नावाची अणुभट्टी पन्नास वर्षे नांदली. दोन राष्ट्रांनी एकत्र येऊन शास्त्राचे काम करावयाचे म्हणजे काय, त्यात कोण काय देतो आणि शेवटी कोणाच्या पदरात काय उरते, या प्रश्नाचे उत्तर त्या घुमटाच्या इतिहासात सापडते. म्हणून आज मी आपल्यापुढे तोच इतिहास मांडणार आहे.

आपल्या घरांतून एक जुनी रीत आहे. विरजण संपले तर गृहिणी वाटी घेऊन शेजारणीकडे जाते. त्यात कमीपणा नाही. पण दूध आपल्याच घरचे तापवावे लागते, आणि उद्याच्या विरजणापुरते दही आज आठवणीने बाजूला काढून ठेवावे लागते. जी हे विसरते, तिला रोज वाटी घेऊन उभे राहावे लागते. हा दाखला मनाशी ठेवून आपण १९५५ सालात जाऊ.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांच्याकडे आले. आपले राष्ट्र तेव्हा स्वतंत्र होऊन आठच वर्षे झाली होती. तुर्भ्याचे काम नुकते सुरू झाले होते. याच सुमारास कॅनडाने हिंदुस्थानला एक संशोधन-भट्टी देऊ केली. कोलंबो योजनेखाली कॅनडाची आपल्याला मदत होतच होती. शिवाय कॅनडाच्या अणुसंशोधनाचे धुरीण बेनेट लुईस आणि डॉ. भाभा यांची केंब्रिजच्या दिवसांपासूनची ओळख होती. राष्ट्राराष्ट्रांचे करार शाईने लिहिले जातात हे खरे. पण ती शाई पुष्कळदा अशा जुन्या ओळखींच्या दौतीतून आलेली असते.

२८ एप्रिल १९५६ रोजी करार झाला. भट्टीचा आराखडा आणि मुख्य यंत्रभाग कॅनडाचे, चॉक रिव्हर येथील भट्टीच्या धर्तीवर. जागा, बांधकाम आणि देशातला खर्च आपला. भट्टीला लागणारे जड पाणी अमेरिकेने दिले. कॅनडा, इंडिया, रिॲक्टर आणि युनायटेड स्टेट्स या शब्दांच्या आद्याक्षरांनी मिळून ‘सायरस’ हे नाव बनले. भट्टीची शक्ती चाळीस मेगावॉट उष्णतेची. तिने वीज करावयाची नव्हती. तिचे काम होते संशोधन, औषधोपचाराला व शेतीच्या प्रयोगांना लागणारी किरणोत्सर्गी द्रव्ये तयार करणे, आणि आपली माणसे शिकवून तयार करणे. तिच्यात साधे, नैसर्गिक युरेनियम जळे. जड पाणी न्यूट्रॉन-कणांचा वेग मंदावी. आणि निर्माण झालेली उष्णता साध्या पाण्यातून शेवटी समुद्राला जाई. असे इंधन भट्टीत राहिले म्हणजे त्यात प्लुटोनियम नावाचे दुसरे मूलद्रव्य तयार होते. ही गोष्ट त्या वेळी या विषयातल्या सगळ्यांना ठाऊक होती. तिची आठवण आपल्याला पुढे लागणार आहे.

आता माझ्या मते या साऱ्या कथेतली जी सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती सांगतो. भट्टी मिळत होती, तिच्याबरोबर सगळे इंधनही मागून घेता आले असते. पण पहिल्या भरणीचे निम्मे इंधन आपण स्वतः घडवावे असा आग्रह आपल्या बाजूने धरला गेला. त्या वेळी या देशात शुद्ध युरेनियम धातूचा एक गोळाही कोणी ओतला नव्हता. ब्रह्मप्रकाश यांच्यासारख्या धातुशास्त्रज्ञांनी ते काम अंगावर घेतले, आणि जानेवारी १९५९ मध्ये तुर्भे येथे तो पहिला गोळा तयार झाला. १० जुलै १९६० रोजी सायरस प्रथम प्रज्वलित झाली तेव्हा तिच्या पोटात कॅनडाचे इंधन होते, तसेच आपल्या हातचेही होते. विरजण शेजारचे आणि दूध घरचे, ते हे असे.

या कामाचे प्रमुख होते होमी सेठना. आपले कितीतरी तरुण अभियंते चॉक रिव्हरला जाऊन शिकून आले. सायरसच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना १९६४ मध्ये तुर्भ्यालाच सुरू झाला. तो आपल्या माणसांनी उभा केला. शिष्य आता गुरूच्या वहीबाहेरचे गणित सोडवू लागला होता.

येथून कथेला वळण लागते. भट्टीचा आणि तिच्यातून निघणाऱ्या द्रव्यांचा उपयोग शांततेच्याच कामी करू, असे आश्वासन आपण करारात दिले होते. परंतु ‘शांततेचे काम’ म्हणजे नेमके कोणते, हे कोणी स्पष्ट लिहून घेतले नव्हते. आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्था स्थापन झाली ती १९५७ साली, म्हणजे करारानंतर. त्यामुळे सायरसवर बाहेरच्या कोणाची तपासणीही नव्हती. सगळा भार विश्वासावर होता. १९७१ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान पियर ट्रुडो यांनी इंदिरा गांधींना पत्राने कळविले, की कॅनडाने दिलेल्या साधनांतून स्फोट झाला तर आम्हांला सहकार्याचा फेरविचार करावा लागेल. आणि १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळवंटात स्फोट झाला. त्याचे प्लुटोनियम सायरसमधले होते.

आपण म्हटले, हा शांततामय स्फोट आहे. हा शब्द आपण नव्याने काढला नव्हता. कालवे खणण्यासाठी व खनिजे काढण्यासाठी असे स्फोट करता येतील हा विचार तेव्हा अमेरिकेत व रशियात चालू होता. कॅनडा म्हणाला, स्फोट तो स्फोट. त्यात शांततेचा आणि युद्धाचा असा भेद होत नाही. मंडळी, या वादात आपल्या बाजूचे वकीलपत्र घेणे फार सोपे आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने दुसऱ्याच्या ओसरीवरही घटकाभर बसले पाहिजे. कॅनडाच्या माणसाला वाटले, की मी हौसेने शेजाऱ्याला विळा दिला तो गवतासाठी, आणि त्याने त्याचे हत्यार केले. त्याला वाटलेले दुःख खोटे नव्हते. करारातला शब्द मोघम ठेवला म्हणजे सही करताना दोघेही खूष असतात. पुढे त्याच शब्दावर मैत्री ठेचकाळते. पोखरणनंतर अणुसाहित्य पुरविणाऱ्या राष्ट्रांनी एकत्र येऊन विक्रीचे जे कडक नियम केले, त्यांचा जाच आपल्याला कित्येक वर्षे सोसावा लागला.

कॅनडाने मदत ताबडतोब थांबविली आणि १९७६ मध्ये सहकार्य कायमचे संपविले. त्या वेळी राजस्थानात रावतभाटा येथे कॅनडाच्या साह्याने दोन वीजभट्ट्यांचे काम चालू होते. पहिली पुरी झाली होती, दुसरी अर्धवट होती. आराखडा होता, शिकलेली माणसे होती. पण सुटे भाग आणि जड पाणी बाहेरून यावयाचे होते. ती दुसरी भट्टी आपल्या अभियंत्यांनी पुरी केली आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये ती रीतसर वीज देऊ लागली. जड पाणी मात्र सोव्हिएत संघाकडून, आंतरराष्ट्रीय तपासणीची अट मान्य करून घ्यावे लागले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे १९८३ मध्ये कल्पाक्कम येथे त्याच जातीची भट्टी आपण आपल्या बळावर पेटविली. वेळ गेला, पैसा गेला, पण विद्या गेली नाही.

याच्या शेजारी आपल्या तारापूरचे उदाहरण ठेवून पाहा. १९६३ च्या करारान्वये अमेरिकन कंपनीने तेथे दोन भट्ट्या बांधून जवळजवळ तयार घरासारख्या आपल्या हाती दिल्या, आणि १९६९ मध्ये त्या वीज देऊ लागल्या. त्यांना समृद्ध केलेले युरेनियम लागे, आणि ते समृद्ध करण्याची सोय आपल्याकडे नव्हती. १९७८ च्या कायद्यानंतर अमेरिकेचा हात आखडला, तेव्हा १९८२ मध्ये फ्रान्सकडे, मग चीनकडे, मग रशियाकडे वाटी घेऊन जाणे आले. भट्ट्या आपल्या माणसांनी दशकानुदशके निगुतीने चालविल्या, याचे श्रेय मोठेच आहे. परंतु रोजचे विरजण मात्र परक्या घरचेच राहिले.

आता शेवट. २००८ मध्ये पुरवठादार राष्ट्रांनी हिंदुस्थानसाठी आपल्या नियमांना मुरड घातली. जून २०१० मध्ये कॅनडाने आपल्याशी पुन्हा अणुसहकार्याचा करार केला. आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर २०१० रोजी, सायरस कायमची बंद करण्यात आली. अमेरिकेशी झालेल्या बोलण्यांत तसे आपण २००६ मध्येच कबूल केले होते. ज्या भट्टीवरून दोन मित्र दुरावले, ती विझली त्याच वर्षी ते पुन्हा एका मेजावर बसले. २०१५ मध्ये कॅनडाचे युरेनियम या देशात पुन्हा येऊ लागले. या वेळी मात्र कराराबरोबर तपासणीही होती.

या इतिहासातून दोन गोष्टी घेऊन आपण घरी जावे असे मला वाटते. घेणाऱ्याने लक्षात ठेवावे, की यंत्र जुने होते, मैत्री रुसते, सरकारे बदलतात. आपल्या हातांनी जेवढे केले तेवढेच अखेर आपले उरते. आणि देणाऱ्याने व घेणाऱ्याने मिळून लक्षात ठेवावे, की मनात असलेली अट शब्दांत उतरवून ठेवण्यात संकोच करू नये. शेजारणीकडे वाटी घेऊन जाताना लाजू नये. पण दुसऱ्या दिवसापुरते दही काढून ठेवण्यास विसरू नये, आणि तिची वाटी ज्या बोलीवर आणली ती बोली मोडू नये.