नंदीदुर्ग: आकार आधी की नाव आधी?

येलहंक्याहून देवनहळ्ळीच्या रस्त्याने उत्तरेकडे निघालेल्या गाडीत कोणीतरी हटकून सांगतोच, "तो बघा बसलेला बैल, म्हणून नंदी!" बंगळुरूजवळच्या नंदीदुर्ग या १४७८ मीटर उंचीच्या डोंगराच्या नावाचा निकाल असा खिडकीतूनच लागतो. आम्हाला तो मान्य नाही.

पूर्वपक्ष पोकळ नाही. दुरून पाहणाऱ्याला वशिंड दिसते, मानही दिसते. आकारावरून डोंगरांना नावे पडतात, हेही खरे. लोणावळ्याजवळची नागफणी त्याला साक्ष आहे. मग नंदीवरच आक्षेप का?

पहिला पुरावा शिलालेखांतला. अकराव्या शतकाच्या आरंभी ज्यांची सत्ता मावळली, ते पश्चिम गंग राजे स्वतःला ‘नंदगिरिनाथ’ म्हणवीत. बिरुदात ‘नंद’ आहे, ‘नंदी’ नाही. डोंगराचे नाव बैलावरून पडले असेल, तर त्याच्या धन्यांच्या बिरुदातून नेमका बैलच कसा गळाला?

दुसरा पुरावा देवळांचा. पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वर आहे, माथ्यावर योगनंदीश्वर. बाणवंशातली राणी रत्नावली हिने येथे शिवालय उभारल्याचा लेख इसवी सन ८०६ च्या सुमाराचा. खालचा देव भोगाचा, वरचा वैराग्याचा. म्हणून माथ्यावर लग्नसोहळ्याचा थाट नाही, असे तेथे सांगतात. गाव, देव आणि गिरी या तिघांना एकच नाव चिकटले आहे. डोंगर बैलासारखा म्हणून नंदी, तर गावही काय बैलासारखे बसले आहे? गावाने नाव डोंगराकडून घेतले असे म्हणाल, तर देवानेही ते उसने घेतले म्हणावे लागेल. नंदीश्वर हे शिवाचे नाव. त्याला बंगळुरूजवळच्या खडकाची गरज कधी पडली?

तिसरा पुरावा शेजारचा. बंगळुरूच्या वायव्येला शिवगंगेचा डोंगर आहे. पूर्वेकडून तो बैलासारखा दिसतो, इतर दिशांनी गणपती, लिंग आणि नाग, अशी तिथली ख्याती. बैल तेथेही आहे. नाव मात्र नंदी नाही. नुसत्या आकाराने नाव पडत असते, तर हा बैल बेवारस का राहिला?

उरली माथ्यावर जायची वाट. मोटारीचा घाट वळणे घेत थेट माथ्याशी नेतो. त्या वाटेने जाणारा गाव टाळतो, भोगनंदीश्वर टाळतो, आणि पुराव्याअभावी आकारावर विसंबतो. जुना चढ पायथ्याच्या सुलतानपेठेकडून पायऱ्या-पायऱ्यांनी जातो. तेथे छाताडावर येतो तो उभा कातळ. वशिंड दिसायला अंतर लागते. देवळाकडून निघून देवळाशी पोचणाऱ्या यात्रेकरूला ते अंतर कशाला हवे?

निवाडा वाचकांनी करावा. आमचा पक्ष एवढाच: आधी नंदगिरी, मग नंदीश्वर, आणि बैल सर्वांत शेवटी. नाव ठाऊक झाल्यावर आकार कोणालाही दिसतो. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांनी गंगांच्या बिरुदातला ‘नंद’ आधी खोडून दाखवावा.