चावीचे मनगटी घड्याळ : जीर्णोद्धार

बंद पडलेले किंवा भाग बदलले गेलेले जुने यांत्रिक घड्याळ, त्याच काळातले आणि त्याच जातीच्या मशीनचे भाग घालून पूर्ववत करणे. दुरुस्तीत घड्याळ चालू लागले की काम संपते. जीर्णोद्धारात तबकडी, काटे, चावी, डबी आणि आतले मशीन ही मंडळी मुळात एकत्र होती का, हेही पाहावे लागते. पेठेतल्या घड्याळजीने हाताला लागेल तो काटा बसवून गिऱ्हाइकाची वेळ भागवली, यात त्याचे काही चुकले नाही. पण पन्नास वर्षांत चार हातांखालून गेलेल्या घड्याळाचे मूळ रूप शोधायचे तर तोच काटा आड येतो.

सातारा-सांगलीकडे अशी घड्याळे मुख्यतः दोन पिढ्यांची आढळतात. जुनी पिढी स्विस. पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे आणि आसपासच्या गावांतून बरीच माणसे फौजेत गेली, आणि वेस्ट एंड वॉच कंपनीची ‘सोवार’ घड्याळे हिंदी फौजेत ओळखीची होती. तबकडीवर कंपनीच्या नावाखाली मुंबई-कलकत्ता छापलेले असले, तरी मशीन स्वित्झर्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांचे, कित्येकदा लोंजिनचे असे. म्हणून सुटा भाग शोधताना तबकडीवरचे नाव बाजूला ठेवून मागचे झाकण उघडावे आणि मशीनवरची खूण वाचावी.

दुसरी पिढी एचएमटीची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्सने (एचएमटी) १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. ‘जनता’, ‘पायलट’ ही चावीची घड्याळे १७ ज्वेलची, ताशी १८,००० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला पाच. एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून सुटे भाग मिळतात ते जुन्या दुकानांत पडून राहिलेल्या साठ्यातून, नाहीतर मोडीत निघालेल्या दुसऱ्या घड्याळातून. पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात भागांसाठी म्हणून बंद घड्याळे घेणारे आढळतात. भाग दिसायला सारखा असला तरी बसेलच असे नाही: शॉकप्रूफ मशीनचा बॅलन्स स्टाफ (बॅलन्स चाकाचा आस) बिनशॉकच्या मशीनला चालत नाही.

खरा वाद तबकडीचा. डागाळलेली तबकडी पुन्हा रंगवून घेण्याची चाल मुंबईत इतकी रुजली, की कंपनीने कधीच न काढलेल्या रंगांतली एचएमटी घड्याळे बाजारात रग्गड आहेत. रंगवलेली तबकडी ओळखू येते. मिनिटांच्या रेघा तासांच्या बसवलेल्या खुणांशी जुळत नाहीत, अक्षरे जाड आणि फुगीर होतात, सहाच्या आकड्याखालचा बारीक मजकूर गायब होतो. देवनागरीत नाव असलेली ‘जनता’ची जुनी तबकडी पिवळी पडली असली तरी ती तशीच ठेवावी, नवा रंग चढला की परतीची वाट नाही. डबीचेही तेच. पितळी डबीवरचा क्रोमचा मुलामा झिजला म्हणून पॉलिश करून पुन्हा मुलामा दिला, तर कडा बोथट होतात आणि घड्याळाचा घाटच बदलतो.

याउलट मेनस्प्रिंग, तेल आणि काच या खपाच्या वस्तू. जुन्या निळ्या पोलादी स्प्रिंगच्या जागी न गंजणाऱ्या मिश्रधातूची स्प्रिंग घालण्यास जाणकारांचीही हरकत नसते. काच मात्र घड्याळाला साजेशी हवी, एचएमटीला फुगीर अ‍ॅक्रिलिकचीच. तिच्यावरचे ओरखडे टूथपेस्टने घासूनही बऱ्यापैकी जातात. सपाट खनिज काच बसवली की साठच्या दशकातले घड्याळ कालपरवाचे दिसू लागते.

सांगलीत पुराचा प्रश्न निराळा. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. अशा पाण्यात भिजलेल्या घड्याळाला सुरू होते का पाहू म्हणून चावी देऊ नये. पितळी पाट्या व चाके बहुधा टिकतात. गंजतात ते पोलादी भाग, म्हणजे चावीची दांडी, काटे फिरवण्याची यंत्रणा, खटक्याची स्प्रिंग आणि स्क्रू. झाकण लगेच उघडून मशीन सुटे करून धुतले, तर बरेच वाचते. गंजलेली दांडी जागीच मोडली तर नवी दांडी त्याच मशीनची लागते.

काट्यांवर वा आकड्यांवर रात्री चमकणारा जुना लेप असेल तर सावधगिरी हवी. साधारण १९६० पर्यंतच्या स्विस घड्याळांत तो रेडियमचा असू शकतो. चमक केव्हाच विझलेली असते, किरणोत्सर्ग मात्र चालूच असतो, कारण रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. असा लेप खरवडू नये, त्यावर फुंकर मारू नये, आणि काच काढल्यावर भुकटी झडताना दिसली तर काम तिथेच थांबवावे.