अनवाणी पायांपासून जकार्ताच्या सुवर्णापर्यंत

चाकूरसह सारा मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. भारतीय फुटबॉल संघाला मोठ्या स्पर्धांच्या पद्धतशीर तयारीची शिस्त लावणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम याच राज्यातले, पेशाने शिक्षक.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. भारताचे बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. एवढीशी गोष्ट सुधारणा ठरावी, हे आज विचित्र वाटेल! रहीम यांचा भर मात्र सरावावर होता. चेंडू पायात न घोळवता झटपट पास देणे, केवळ कमकुवत पायाने सामने खेळणे, असे त्यांचे प्रयोग असत. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले व चौथे स्थान मिळविले. त्या सामन्यात नेव्हिल डिसोझा यांनी हॅट्‌ट्रिक साधली.

१९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सलामीलाच दक्षिण कोरियाने भारताला ०-२ हरविले. पुढे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. रहीम यांनी त्यांना उपांत्य व अंतिम सामन्यात चक्क आघाडीला खेळविले. दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केले आणि त्याच कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. रहीम तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.