पाटीमागचे आईबाप

शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकांची नावे घेतो, देणगीदारांचीही घेतो. परंतु ज्यांनी आपले मूल संस्थेच्या दारी आणून सोडले, त्या आईबापांची नोंद क्वचितच आढळते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत ही उणीव विशेष खटकते. कारण तेथे शाळेचा उंबरठा मुलाआधी बापालाच झिजवावा लागला.

सुभेदार रामजी सकपाळ यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. लष्करातील सोयीमुळे ते स्वतः शिकले व लष्करी शाळेत शिक्षकही झाले. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांस घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. पुढे मुंबईस रामजी पुस्तकांसाठी विवाहित मुलींकडून पैसे उसने आणीत आणि मुलास पहाटे दोन वाजता अभ्यासास उठवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्या यशात बापाच्या अक्षरज्ञानाचा वाटा मोठा होता.

बीडकडे वळले म्हणजे चित्र पालटते. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. घरी अक्षर नाही आणि वरच्या वर्गात भाषाही आपली नाही, अशी महार-मांगांच्या मुलांची दुहेरी अडचण होती. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्याच्या खेड्यांतून मुले तेथे आली. त्यांतील कित्येकांच्या बापास वही तपासता येत नव्हती. मग त्याने दिले काय? घरातला मिळवता हात दिला. जेथे भाकरीचा हिशेब हातांच्या संख्येवर चालतो, तेथे एक हात शाळेस सोडणे ही लहान देणगी नव्हे.

हा प्रश्न अजून संपलेला नाही. दिवाळीच्या सुमारास बीडमधील ऊसतोड कुटुंबे, त्यांत दलित कुटुंबेही पुष्कळ, घेतलेली उचल फेडण्यास परमुलखी जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मूल बरोबर नेले तर शाळा तुटते. मागे ठेवले तर कित्येक महिने मायलेकरांची गाठ नाही. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत जेवणाची सोय होते. परंतु रात्री जवळ घेण्यास आजीच लागते.

पालक शाळेच्या सभेस येत नाहीत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ती करण्यापूर्वी ते त्या दिवशी कोठे असतात, हे विचारून पाहावे. मुलाची शाळा चालू राहावी म्हणून त्यास मागे ठेवून फडावर गेलेली आई त्याच्या शिक्षणात सहभागी नाही, असे कोणी म्हणावे?