उकळणारा दगड

मागच्या मे महिन्यात आजीला घेऊन सोलापूरला निघालो होतो. वाघोलीहून थेऊरमार्गे हायवेला लागेपर्यंत गाडीचा एसी झकास चालू होता. यवत गेलं, पाटस गेलं आणि भिगवणच्या अलीकडे समोरून येणारी हवा हळूहळू कोमट झाली. ब्लोअर जोरात, कॉम्प्रेसरचा आवाजही येतोय, पण गारवा गायब. आजीने पदर ओला करून डोक्यावर घेतला आणि काच खाली करायला लावली. चहाला थांबलो. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू केली तर एसी पुन्हा पहिल्यासारखा गार. इंदापूरच्या पुढे परत तेच.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमधले बग शोधतो. त्यात सगळ्यात वाईट बग कोणता, तर जो तुम्ही बघायला गेलात की दिसत नाही. माझा एसी तसाच होता. गॅरेजच्या दारात नेला की शहाण्या मुलासारखा वागायचा. एका गॅरेजने तीनदा 'गॅस कमी झालाय' म्हणून गॅस भरला आणि तीनदा अठराशे रुपये घेतले. व्हॅक्यूम एकदाही मारला नाही. मारायचा असतो हे मलाच माहीत नव्हतं, तर विचारणार काय? इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्स होतं. ते एका सेमिस्टरपुरतं होतं.

चौथ्यांदा एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी दोन प्रश्न विचारले. किती वेळ चालल्यावर गार होणं थांबतं? आणि तेव्हा हवा तेवढ्याच जोरात येते का? मग म्हणाले, "आत पाणी शिरलंय. ड्रायर बदलू आणि तासभर व्हॅक्यूमला लावू."

पाणी? एसीतून पाणी टपकतं ते बाहेर, गाडीखाली. तेही हवेतलं. आत पाणी कुठून आलं?

गंमत अशी की, हे यंत्र जन्मालाच आलं ते दमटपणा घालवायला. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंग जागच्या जागी बसायचे नाहीत, म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतली आर्द्रता आटोक्यात ठेवणारं यंत्र आखलं. बाहेरच्या हवेतलं पाणी काढणाऱ्या या यंत्राच्या पोटात मात्र पाण्याचा एक थेंबही चालत नाही.

का चालत नाही, ते आधी पाहू. गाडीतला गॅस कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, पुढच्या जाळीत थंड होऊन त्याचा द्रव होतो आणि मग तो एका बारीक भोकातून, म्हणजे एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून, सुटतो. सुटताना एकदम उकळतो आणि गार होतो. आत थोडंसं जरी सुटं पाणी असलं, तर ते नेमकं त्या भोकापाशी गोठतं. भोक बुजलं की गॅस अडतो, गारवा संपतो. गाडी थांबवली की बर्फ वितळतो आणि सगळं सुरळीत. भिगवणच्या चहाने माझा एसी दुरुस्त केला होता तो असा.

बर्फ तरी दिसतो. दुसरा त्रास दिसतच नाही. उष्णतेत पाणी, गॅस आणि तेल यांची हळूहळू प्रक्रिया होऊन आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसर आतून खात राहतं. हा त्रास जुना आहे. १९२०च्या दशकातल्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड असायचा. त्याला पाणी लागलं की सल्फ्युरस आम्ल तयार व्हायचं. शिवाय गळला तर घरातल्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी. मिथाइल क्लोराइड तर विषारीच. यावर उपाय म्हणून थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली फ्रिऑन-१२ शोधून काढला, ज्याला आपण पुढे आर-१२ म्हणू लागलो. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने हा गॅस छातीत ओढून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटतही नाही. (याच माणसाने आधी पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती काढली होती. एका माणसाने हवेचं इतकं नुकसान केल्याचं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.)

आर-१२ला पाण्याचं वावडं होतं. पाणी त्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणजे जे काही असेल ते सुटं राहणार आणि गोठणार. घरातल्या फ्रिजमध्ये हे सांभाळता येतं, कारण त्याचं सगळं पोट झाळून बंद केलेलं असतं. गाडीचं तसं नाही. नोव्हेंबर १९३९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने कारखान्यातून एसी बसवून येणारी पहिली गाडी मांडली. एसीचे २७४ डॉलर वेगळे. गार करणारी जाळी डिकीत, निम्मी डिकी त्यातच संपायची. क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा हाताने काढायचा. आपण रिमोट सापडत नाही म्हणून चिडतो.

पण त्या गाडीत आलेली अडचण आजही तीच आहे. कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे त्याचा दांडा आतून बाहेर येतो आणि तिथे सील लागतं. इंजिन हादरतं, म्हणून रबरी नळ्या लागतात. रबरातून गॅस झिरपतो. आणि त्याच रबरातून पाण्याची वाफ आत येते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतानाही येते! मला हे आधी पटेना. पण वाफ फक्त वाफेचा हिशेब बघते. बाहेर वाफ जास्त, आत कमी, मग ती आत शिरणार. आतल्या गॅसच्या दाबाशी तिला देणंघेणं नाही.

पाण्यावर तेव्हा दोन तऱ्हेचे उपाय होते. एक म्हणजे गॅसमध्ये थोडं मिथाइल अल्कोहोल टाकायचं. त्याने पाणी गोठत नाही, पण आतच राहतं आणि आम्लाचं काम चालूच. आमच्या धंद्यात याला एरर गिळणं म्हणतात. दुसरा उपाय पाणी शोषणारे पदार्थ. वॉल्टर पॅट्रिक यांनी १९१९ साली पेटंट घेतलेली सिलिका जेल त्यातली एक. बुटांच्या खोक्यात 'खाऊ नका' लिहिलेली पुडी असते, तीच. पण ती तापली की धरलेलं पाणी सोडायला लागते, आणि गाडीच्या इंजिनशेजारी थंड जागा कुठून आणायची?

याचं उत्तर समजून घ्यायला बरंच मागे, १७५६ सालात जावं लागतं. मिस्त्रींनी सांगितलेली दोन कामं, व्हॅक्यूम आणि ड्रायर, दोन्हींची मुळं त्या एका वर्षात सापडतात.

त्या वर्षी स्कॉटलंडच्या विल्यम कलन यांचा निबंध छापून आला. त्यांनी ईथरचं भांडं हवा काढून घेणाऱ्या पंपाखाली ठेवलं. दाब उतरला तसं ईथर विस्तवाशिवाय उकळायला लागलं, आणि उकळताना आजूबाजूच्या पाण्यातली उष्णता ओढून घेऊन त्याचा बर्फ केला. दाब कमी केला की द्रव कमी तापमानाला उकळतो. मिस्त्रींचा पंप हेच करतो. पाणी १०० अंशांना उकळतं ते ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला. दाब ३२ मिलिमीटरच्या खाली नेला तर ते ३० अंशांना, म्हणजे पुण्यातल्या साध्या दुपारी, आपोआप उकळतं आणि वाफ होऊन पंपातून बाहेर जातं. व्हॅक्यूम मारणं म्हणजे नुसती हवा काढणं नाही. गाडीच्या पोटातलं पाणी बिनआगीचं उकळणं आहे ते. आणि उकळायला वेळ लागतो. पाच मिनिटांत काटा खाली येतो, पाणी तेवढ्यात जात नाही.

त्याच १७५६ साली स्वीडनमध्ये अ‍ॅक्सेल क्रोनस्टेट या खनिजतज्ज्ञाने एक दगड ज्योतीत धरला. दगड फसफसला, उकळल्यासारखा. त्याच्या पोटात साठलेलं पाणी वाफ होऊन निघत होतं. त्याने त्याला ग्रीक शब्दांवरून नाव दिलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. या दगडाच्या स्फटिकात एकसारख्या मापाच्या पोकळ्या असतात. पाणी तापवून काढा, दगड तसाच राहतो आणि पुन्हा पाणी पितो.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षं हे दगड संग्रहालयांच्या कपाटात राहिले. १९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर ते प्रयोगशाळेत बनवायला लागले आणि त्यानंतर अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन. मिल्टनला खरं तर हवेतले वायू वेगळे करायचे होते. त्याने बनवलेल्या 'ए' जातीच्या झिओलाइटचं भोक सुमारे चार अंगस्ट्रॉमचं होतं. अंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. पाण्याचा रेणू तीनहूनही बारीक. तो आत जातो आणि घट्ट बसतो. आर-१२चा रेणू जाड, दारातच अडतो. म्हणजे हजारो रेणूंच्या गर्दीतून पाण्याचा एक नेमका उचलणारा दगड. भरीला, सिलिका जेलपेक्षा तापलेल्या अवस्थेतही तो पाणी जास्त घट्ट धरून ठेवतो.

१९५४ साली हे कृत्रिम झिओलाइट बाजारात आले. आज ते पेट्रोल शुद्ध करतात, ऑक्सिजन काँसन्ट्रेटरमध्ये बसतात, कपड्याच्या पावडरीत असतात. पण सुरुवातीच्या उपयोगांपैकी एक होता गारवा देणाऱ्या गॅसमधलं पाणी काढणं. एवढा मोठा शोध असल्या बिनचेहऱ्याच्या कामाला लागला, याचं मला फार बरं वाटतं.

त्यानंतर ओझोनचं प्रकरण झालं. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी इशारा दिला, १९८५ साली अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जाहीर झालं, १९८७ साली माँट्रिअलचा करार झाला आणि आर-१२ हद्दपार झाला. गाड्यांमध्ये आर-१३४ए आला. त्याचं जुन्या खनिज तेलाशी जमेना, म्हणून 'पॅग' नावाचं नवं तेल आलं. हे तेल पाण्यासाठी हपापलेलं असतं. डबा उघडा ठेवला तरी हवेतलं पाणी पितं. आणि आर-१३४एचा रेणू थोडा सडपातळ, म्हणून झिओलाइटचं दारही चारवरून तीन अंगस्ट्रॉमवर आणावं लागलं. जग वाचवायच्या करारामुळे एका मण्याचं भोक बदललं.

तरीही आर-१३४ए निरागस नाही. उष्णता अडवण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. माझ्या गाडीत तीनदा 'भरलेला' गॅस गेला कुठे, याचा विचार मी आता करतो. गळती न शोधता, व्हॅक्यूम न मारता वरून गॅस ओतला की प्रत्येक वेळी नळीतली दमट हवाही थोडी आत जाते. अठराशे रुपयांत मी पाणी विकत घेत होतो.

मिस्त्रींनी कंडेन्सरशेजारचा काळा डबा काढला. हाच ड्रायर. नव्या डब्याची टोपणं त्यांनी अगदी शेवटी, बाकी सगळं जोडून झाल्यावर काढली. मी विचारलं, जुनाच व्हॅक्यूमवर सुकवता येणार नाही का? तर हसले. मी नंतर वाचलं. झिओलाइटने धरलेलं पाणी सोडवायला दोनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. पंपाने ते होत नाही. तिथे क्रोनस्टेटची ज्योतच हवी.

पंप सव्वा तास चालला. मी बाकावर बसून फोनवर झिओलाइटबद्दल वाचत होतो आणि एका ओळीवर थबकलो. जगातले अतिशय देखणे नैसर्गिक झिओलाइट मिळतात ते दख्खनच्या काळ्या पाषाणात. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपत गेलं आणि स्फटिक वाढले. नाशिक, जळगाव, पुणे. स्टिल्बाइट, हे क्रोनस्टेटच्या दगडाचंच घराणं, इथे खडी फोडताना मिळतं. पुढे चक्क माझा पत्ता होता: वाघोली. तिथल्या खाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट, बहुतेकदा पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेलं, जगभरच्या संग्रहालयांत आहे. मी चार वर्षं राहतो तिथे आणि खाणी म्हटल्या की मला फक्त धूळ आणि डंपर आठवायचे.

जुना डबा मी मागून घेतला आणि रविवारी गॅलरीत हॅकसॉने कापला. आत फेल्टची पिशवी, पिशवीत ज्वारीच्या दाण्याएवढे मळकट मणी. कोरड्या मण्यांवर पाणी टाकलं की ते हाताला गरम लागतात, असं वाचलं होतं. हातमोजे घालून मूठभर घेतले आणि वाटीतलं पाणी सोडलं. आजी दारात उभी राहून बघत होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

काहीच झालं नाही. मणी गारच होते. आधीच पोटभर प्यायलेले.