तारण टिकतं की टिकवावं लागतं?

मंडळी, पाचोडच्या बाजारात ‘तारण’ म्हटलं की माणसाला आधी सोसायटीचं कर्ज आणि सातबारा आठवतो. मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच शब्दात मुक्ती ऐकू येते. आजचा प्रश्न त्या दुसऱ्या तारणाचा. ते एकदा मिळालं की कायमचं, की पुढे निष्ठेने जगलं नाही तर हातचं जातं?

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि मुलगा परत मिळवला. मग दुसरंच भांडण पेटलं: याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचं की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर घ्यायच्या बाजूने उभे राहिले, सनातनी विरोधात. खरं तर श्रीपतचा बाप्तिस्मा झालाच नव्हता! गेलेल्याला परत यायची वाट असते का, हा प्रश्न असा दोन्ही धर्मांच्या दारात उभा होता. पैठण तालुक्यातल्या श्रोत्यांना शुद्धिपत्राचं महत्त्व मी काय सांगावं.

पुढे नारायणराव जालन्याला आले. अंबडमार्गे गेलं तर इथून फार लांब नाही. तिथे त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. त्यात मुख्यतः तेव्हा अस्पृश्य मानलेल्या समाजांतली कुटुंबं आली. नारायणरावांचं चर्च प्रेस्बिटेरियन. त्याची श्रद्धा १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबावर उभी: देवाने निवडलेला माणूस अडखळेल, पण कायमचा पडणार नाही. आधार योहानाच्या दहाव्या अध्यायाचा. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने उलट सांगितलं, की खरा विश्वास ठेवलेला माणूसही सोडून जाऊ शकतो. त्या बाजूचे लोक इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय काढतात.

आपल्याला हे परकं वाटू नये. रामानुजांच्या परंपरेत हाच वाद झाला. मांजर पिल्लाला तोंडात धरते, पिल्लाने काही करायचं नसतं. माकडाच्या पिल्लाला मात्र आईला घट्ट धरावं लागतं. मार्जारकिशोर आणि मर्कटकिशोर न्याय म्हणतात ते हेच.

पण प्रेस्बिटेरियन मंडळीत एक गोष्ट चमत्कारिक होती. तत्त्व मांजराचं, व्यवहार माकडाचा! कुणी गंभीर चुकला तर वडीलजन त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवत. त्यांचं उत्तर असं, की मंडळीची यादी वेगळी आणि देवाची वेगळी. तर्काला ते धरून आहे. अडचण येते ती कायमचा सोडून गेलेल्या माणसाची. वेस्लीवादी म्हणेल, याचं तारण होतं, याने गमावलं. कॅल्विनवादी म्हणेल, ते कधी नव्हतंच. समोरची घटना एकच, आणि कुठलाही पुरावा या दोघांचा निवाडा करू शकत नाही.

मला दुसरं उत्तर कठोर वाटतं. समजा, एखाद्याने बाप्तिस्मा घेतला, जातभाईंचा बहिष्कार सोसला, वीस वर्षं प्रार्थना केली आणि मुलीच्या लग्नापायी तो परत जातीत गेला. त्याला ‘तुझी वीस वर्षं खोटीच होती’ असं सांगायचं? वेस्ली त्याला दोषी ठरवतो खरा, पण त्याची ती वर्षं त्याच्याकडेच राहू देतो. आणि परतीचं दारही उघडं ठेवतो.