धातूंची घनता व रायगडची नाणेपारख

पाण्यात बुडविलेली वस्तू स्वतःच्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारते. वस्तूच्या वस्तुमानास या आकारमानाने भागले असता तिची घनता मिळते. सोन्याची घनता दर घ. सेंमी.ला १९.३ ग्रॅ., चांदीची १०.५ व तांब्याची ८.९६ असल्याने सोन्यातील हीण या रीतीने ओळखता येते. आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) याच्या नावाशी जोडलेली मुकुटाची कथा प्रसिद्धच आहे, मात्र प्रत्यक्ष काटेकोर मापने अल्-बीरूनी (९७३–सु. १०५०) याने केली. त्याला सोन्यासाठी सु. १९.०५ हा आकडा मिळाला होता. त्याची रीत व धातूंचे कोष्टक अबुल फज्लने सोळाव्या शतकाच्या अखेरीस आईन-इ-अकबरीत दिले. म्हणजे भारतात हे ज्ञान अपरिचित नव्हते. तरीही सराफाने ते वापरले नाही, याचे कारण नाण्याच्या आकारातच आहे.

महाड हे सावित्रीच्या खाडीवरील बंदर आणि पोलादपूर ही पार घाटाच्या पायथ्याची पेठ. या मार्गाने मालाबरोबर निरनिराळ्या सत्तांची नाणी येत. १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी महाडजवळील रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला. मुंबईच्या टांकसाळीतील कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, अशी त्याची एक मागणी होती. ज्यात तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्ती प्रजेवर करता येणार नाही, परंतु ते कसाने व वजनाने मोगल आणि इतर सत्तांच्या नाण्यांच्या तोडीचे असल्यास त्याला मनाईही नाही, अशा आशयाचे उत्तर शिवाजी महाराजांकडून मिळाले. उत्तर मुत्सद्देगिरीचे खरेच. पण त्यामुळे नाणे खरे की हिणकस हे ठरविण्याचा भार अखेर पेठेतील पारख्यावरच राहिला.

त्याच्या हाती काटा व कसोटी ही साधने होती. शिवकालीन सोन्याचा होन वजनाने सु. २.८ ग्रॅ. भरतो. तो शुद्ध असेल, तर ०.१४५ ग्रॅ. पाणी सारील; त्यात २० टक्के तांबे असेल, तर ०.१७९ ग्रॅ. हा फरक सु. ३४ मिग्रॅ., म्हणजे जेमतेम पाव गुंज होय. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा किंवा ते टांगलेल्या दोऱ्याने शोषलेले पाणीही एवढी चूक सहज घडवून आणते. शंभर होन एकत्र बुडविले तर फरक साडेतीन ग्रॅ.च्या घरात जातो व लपत नाही. पण मग शंभरांतले खोटे कोणते, हे कळत नाही आणि सराफाला तर नेमके तेच हवे असते. शिवाय २० टक्के तांबे आणि सु. २७ टक्के चांदी यांमुळे सोन्याची घनता जवळजवळ सारखीच उतरते. कसोटीवरील रेघेचा रंग मात्र दोन्हींत वेगळा दिसतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील (११५०) सुवर्णगणितही सोन्याचा वर्ण आधी ज्ञात आहे असे धरूनच पुढे जाते.

या रीतीला नाणकशास्त्रात महत्त्व आले ते आधुनिक काळात. शिवाजी महाराजांचे होन अतिशय दुर्मिळ असल्याने त्यांना ओरखडाही पाडणे परवडत नाही. क्ष-किरण प्रतिदीप्तीने प्रायः पृष्ठभागाचाच थर तपासला जातो, तर घनतेवरून संपूर्ण नाण्याचा अंदाज येतो. म्हणून एकीची पडताळणी दुसरीने करतात. मिलिग्रॅमचे अंश दाखविणाऱ्या तराजूमुळे पाव गुंजेची अडचण उरलेली नाही. पाणी मात्र उकळून वायुरहित केलेले असावे लागते, त्याचे तापमान नोंदवावे लागते आणि नाण्याच्या खाचांत हवा राहू नये म्हणून ते आधी भिजवून घ्यावे लागते.